टाकसाळीतील दैवते : प्राचीन ग्रीकांची चांदीची नाणी आणि त्यांवरील पुराणकथा



संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेली प्राचीन ग्रीकांची चांदीची नाणी पाहताना पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम त्यांच्या देखणेपणाकडे जाते आणि बहुधा तेथेच थांबते. घुबड, पंखांचा घोडा, डॉल्फिनवर बसलेला तरुण, सिंहाचे कातडे पांघरलेला वीर ही चित्रे इतकी मोहक आहेत की ही वस्तू बाजारात मासळी विकत घेण्यासाठी, वल्हेकऱ्यांचा पगार चुकवण्यासाठी आणि भाडोत्री सैनिकांचे तोंड बंद ठेवण्यासाठी पाडलेली होती, याचा विसर पडतो. मग व्यवहाराच्या या वस्तूवर पुराणातील देव, अप्सरा आणि राक्षस कशासाठी? शोभेसाठी? भक्तीपोटी? दोन्ही उत्तरे थोडी खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. या व्याख्यानाची भूमिका अशी आहे की नाण्यावरील दैवत नगराच्या वतीने जामीन राहिलेले होते, आणि जामीन कोण राहतो हे पाहत गेले की नगरराज्यांचा उदय, त्यांचा अभिमान, त्यांचा अस्त आणि पुढे राजांचा उदय ही सारी कहाणी त्या चांदीच्या चकत्यांवरून वाचता येते.

सूचीपत्रांतील शेकडो नाण्यांची जंत्री सादर करण्यापेक्षा चारदोन नाणी नीट न्याहाळणे अधिक फलदायी ठरते. म्हणून येथे अथेन्स आणि सिराक्यूज या दोन नगरांचा विचार सविस्तर होईल, इतर नगरांना धावती भेट दिली जाईल, त्यानंतर अलेक्झांडर आणि शेवटी भारताच्या भूमीवर पोहोचलेली ग्रीक नाणी असा क्रम राहील.

आरंभ ग्रीसच्या मुख्य भूमीवर झालेला नाही. आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील लिडिया या राज्यात इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात सोने आणि चांदी यांच्या मिश्रधातूचे गोळे ठरावीक वजनाचे करून त्यांवर छाप मारण्याची प्रथा सुरू झाली, आणि या आद्य नाण्यांचा सर्वांत प्रसिद्ध साठा इफिसस येथे आर्टेमिस देवीच्या मंदिराच्या पायात सापडला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे. सहाव्या शतकाच्या मध्यास लिडियाचा राजा क्रीसस याने सोन्याची आणि चांदीची नाणी वेगवेगळी पाडली. ग्रीकांनी यांपैकी चांदी उचलली, कारण त्यांच्या मुख्य भूमीत सोने फारसे नव्हते आणि चांदीच्या खाणी मात्र होत्या. एजिना बेटाने समुद्री कासवाचे नाणे काढले, आणि पाहता पाहता लहानमोठ्या नगरांच्या स्वतःच्या टाकसाळी उभ्या राहिल्या.

नाण्यांची मापे येथेच सांगून ठेवणे बरे. सर्वांत परिचित एकक ड्राक्मा, म्हणजे मूठभर. नाणी येण्यापूर्वी लोखंडी सळ्या मूल्यासाठी वापरल्या जात, अशा सहा सळ्या एका मुठीत मावत, आणि सळीला ओबोल म्हणत. म्हणून सहा ओबोलांचा एक ड्राक्मा झाला. शंभर ड्राक्मांची एक मिना आणि साठ मिनांचा एक टॅलंट. अथेन्सच्या मापाने टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. अथेन्सचा ड्राक्मा सुमारे ४.३ ग्रॅमचा होता, आणि तेथील मुख्य नाणे चार ड्राक्मांचे, म्हणजे सुमारे १७.२ ग्रॅमचे होते. पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समधील कुशल गवंड्याची दिवसाची मजुरी एक ड्राक्मा होती, त्यामुळे असे एक नाणे म्हणजे त्याच्या चार दिवसांची कमाई.

आता मूळ प्रश्न. चांदीचा तुकडा हातात आला की घेणाऱ्याने तो दर वेळी तोलावा आणि त्याचा कस पाहावा लागतो. छाप मारला की ही यातायात वाचते, निदान वाचावी अशी अपेक्षा असते. पण छाप मारणाऱ्या नगराच्या शब्दावर परक्याने का विसंबावे? येथे दैवत पुढे येते. ग्रीक नगरांचे खजिने मंदिरांत ठेवलेले असत आणि ते देवतेच्या मालकीचे मानले जात. अथेन्सने स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात आपल्याच अथीना देवीकडून कर्ज काढले आणि त्या कर्जाचा व्याजासह हिशोब दगडावर कोरून ठेवला. त्या शिळांचे तुकडे आजही आहेत. देवीला व्याज देणाऱ्या नगराने देवीचा चेहरा नाण्यावर घालून खोटी चांदी खपवली तर तो नुसता ग्राहकाशी केलेला दगा उरत नाही, तो देवद्रोह होतो. हा दैवी जामीन पुरेसा पडत होता का? अर्थात नाही. ग्रीक लोक देवभोळे असतील, पण व्यवहारात भोळे नव्हते.

याचा पुरावा १९७० साली अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात सापडलेल्या एका संगमरवरी शिळेवर आहे. निकोफोन नावाच्या नागरिकाने मांडलेला इ.स.पू. ३७५/३७४ चा हा नाणेविषयक कायदा वाचताना त्या बाजारातला गलका कानी पडतो. सराफांच्या मेजांमध्ये एक सरकारी पारखी बसवलेला आहे आणि तो नगराच्या मालकीचा गुलाम आहे. व्यापाऱ्यांसाठी पिरियस बंदरातही असाच दुसरा पारखी नेमायचा आहे. अथेन्सच्याच छापाचे परदेशी नाणे आले आणि त्याची चांदी चोख निघाली, तर पारख्याने ते आणणाऱ्याला परत करावे; आत तांबे वा शिसे निघाले, तर जागच्या जागी नाण्यावर छिन्नी चालवून ते दोन भागांत कापावे आणि देवमातेला अर्पण करावे. पारख्याने पसंत केलेले नाणे जो दुकानदार नाकारील त्याचा त्या दिवसाचा माल जप्त व्हावा. आणि पारखी जागेवर बसला नाही किंवा त्याने कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर त्याला चाबकाचे ५० फटके मारावेत. खोटे नाणे देवतेच्या हवाली करण्याची ही तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण ज्या दैवताच्या जगात नाण्याचा जामीन दिला गेला त्याच जगात खोट्या नाण्याची विल्हेवाटही लावली जात होती.

नाणे घडत कसे होते, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. कासे किंवा लोखंड यांच्या ठशावर कारागीर चित्र उलटे आणि खोलगट कोरी. एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे, त्यावर तापवलेली चांदीची चकती ठेवली जाई, दुसरा ठसा कोरलेला खिळा वरून धरला जाई आणि हातोड्याचा घाव पडे. प्रत्येक नाण्याला स्वतंत्र घाव, त्यामुळे कोणतीही दोन नाणी सर्वस्वी सारखी नसतात. कोठे चित्र एका कडेला सरकते, कोठे चकतीला तडा जातो. वरचा ठसा घाव सोसून लवकर निकामी होई, खालचा अधिक टिके, आणि कोणती दोन नाणी एकाच ठशाची आहेत हे ताडून पाहत अभ्यासकांनी टाकसाळींचा कालानुक्रम लावला आहे. नाणकशास्त्राचे निम्मे वैभव या चिकाटीच्या कामात आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

आता अथेन्सचे चार ड्राक्मांचे नाणे हाती घ्यावे. पुढील बाजूस शिरस्त्राण घातलेली अथीना, मागील बाजूस उभे घुबड, त्याच्यामागे ऑलिव्हची डहाळी आणि लहानशी चंद्रकोर, आणि समोर नगराच्या नावाची पहिली तीन अक्षरे. देवीचा चेहरा बाजूने दाखवलेला आहे, पण तिचा डोळा मात्र समोरून पाहावा तसा पूर्ण, बदामी आकाराचा आहे. सहाव्या शतकातील शिल्पांची ही रीत होती, आणि पुढे अथेन्सच्याच शिल्पकारांनी पार्थेनॉन या अथीनाच्या मंदिरावर माणसाचे शरीर अचूक घडवून दाखवले तरी नाण्यावरचा डोळा कित्येक दशके तसाच राहिला. अथेन्सला कारागीर मिळत नव्हते काय? जगातील उत्तम कारागीर तेथेच होते. परंतु इजिप्तपासून सिरियाच्या किनाऱ्यापर्यंतचा व्यापारी ज्या घुबडाला ओळखत होता त्याचे एक पीस बदलले असते तरी त्याने भुवई उंचावली असती. म्हणून कलेच्या राजधानीने आपले नाणे हट्टाने जुनाट ठेवले. हा हट्ट शहाणपणाचा होता, कारण या घुबडाच्या नकला इजिप्त, पॅलेस्टाईन आणि अरबस्तानापर्यंत पाडल्या गेल्या, आणि इराणच्या तिसऱ्या आर्टाझर्क्सीसने इजिप्त जिंकल्यावर तेथे जी नाणी काढली त्यांवरही अथीना आणि घुबडच होते, फक्त नाव त्याचे आणि लिपी इजिप्तची.

डहाळीमागची कथा सर्वश्रुत आहे. या नगरीचे स्वामित्व कोणाकडे, यावरून अथीना आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यात स्पर्धा लागली; पोसायडनने त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, अथीनाने ऑलिव्हचे झाड उगवले, आणि कौल अथीनाला मिळाला. येथे थोडे थबकावे. अथेन्सचे सारे सामर्थ्य समुद्रावर होते, नौदलावर होते, सागरी मित्रराज्यांकडून येणाऱ्या खंडणीवर होते. असे असताना नाण्यावर त्रिशूळ नाही, नौका नाही. जमिनीत मूळ धरणारे झाड आहे. समुद्राचा लाभ घेणाऱ्या नगरीने समुद्रदेवाच्या पराभवाची खूण मिरवावी, यात विसंगती दिसते खरी, पण नाण्यावरची पुराणकथा नगराच्या मिळकतीचे वर्णन करत नाही; नगराचा जमिनीवरचा हक्क कोठून आला, हे ती सांगते. अथेन्सचे नागरिक स्वतःला त्या मातीतूनच उपजलेले मानत, आणि या हक्काचे साक्षीपत्र त्या डहाळीत होते.

आणि चांदी? ती अथेन्सच्या दक्षिणेस लॉरियनच्या खाणींतून येत होती. शिसेमिश्रित खनिज फोडायचे, पाण्याने धुवायचे, भट्टीत वितळवायचे आणि शिसे जाळून चांदी वेगळी काढायची, हे काम हजारो गुलाम करीत. निकियास या धनाढ्य सेनापतीने आपले १,००० गुलाम खाणीसाठी दर माणशी रोज एक ओबोल भाड्याने दिले होते. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास खाणीत मोठा साठा लागला, तेव्हा ती चांदी नागरिकांना माणशी दहा ड्राक्मा अशी वाटून टाकावी असा विचार चालू होता. थेमिस्टोक्लीस या नेत्याने लोकांचे मन वळवून त्यातून युद्धनौका बांधवल्या, आणि ४८० साली सालामिसच्या सामुद्रधुनीत त्याच नौकांनी इराणी आरमार बुडवले. इतिहासकार हिरोडोटस या नौकांची संख्या २०० देतो. पुढे पेलोपोनेशियन युद्धात स्पार्टाने अथेन्सच्या मुलखातील डेकेलिया येथे तळ ठोकला तेव्हा २०,००० हून अधिक गुलाम अथेन्समधून पळून गेले असे थ्युसिडिडीस नमूद करतो, खाणी मंदावल्या, आणि युद्धाच्या अखेरीस नगराला तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढावी लागली. अरिस्टोफेनीसने ४०५ सालच्या ‘बेडूक’ या नाटकात चांगली जुनी नाणी सोडून वाईट नवी वापरणाऱ्या नगराची टर उडवली आहे. देवीचा चेहरा तोच होता, पण जामिनाची पत गेली होती.

अथेन्सने नाणे बदलले नाही म्हणून कीर्ती मिळवली, तर सिसिली बेटावरील सिराक्यूजने ते सतत बदलून मिळवली. कॉरिंथमधून आलेल्या वसाहतकारांनी इ.स.पू. ७३३ च्या सुमारास वसवलेल्या या नगरीच्या नाण्यावर एका तरुणीचे मुख आहे आणि तिच्याभोवती चार डॉल्फिन फिरत आहेत. दुसऱ्या बाजूस चार घोड्यांचा रथ आणि सारथ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यास वरून झेपावणारी नाइकी, म्हणजे विजयदेवता. ही तरुणी म्हणजे अरेथ्यूसा ही जलदेवता. कथा अशी की ती आर्टेमिसची सखी; ग्रीसमधील आल्फिओस नदीच्या देवाला तिचा मोह पडला, तो तिच्या पाठी लागला, तेव्हा आर्टेमिसने तिला झरा बनवले; ती समुद्राच्या तळाखालून वाहत सिसिलीला आली आणि सिराक्यूजच्या ओर्टिजिया या बेटावर वर निघाली; आल्फिओसही तिच्यामागोमाग समुद्राखालून आला आणि दोघांचे पाणी एक झाले. हा झरा ओर्टिजियात अगदी समुद्राला लागून आजही आहे आणि त्यात पपायरसची झुडपे वाढतात. खाऱ्या पाण्याच्या कुशीत गोडे पाणी, हेच त्या चार डॉल्फिनांच्या मध्यभागी असलेल्या मुखाचे सरळ वर्णन आहे.

पण या कथेत नगराचा राजकीय मतलब कोणता? आल्फिओस ही नदी ऑलिंपियाजवळून वाहते, आणि ऑलिंपिया हे सर्व ग्रीकांच्या खेळांचे आणि झ्यूसच्या उपासनेचे स्थान. पश्चिमेकडे, मायभूमीपासून दूर, स्थानिक सिसिली लोक आणि कार्थेजचे फिनिशियन यांच्या शेजारात राहणाऱ्या वसाहतकाराला आपण अस्सल ग्रीक आहोत हे पुन्हा पुन्हा सांगावे लागत होते. समुद्राखालून वाहणाऱ्या पाण्याने त्याला थेट ऑलिंपियाशी जोडले. नाण्याच्या मागील बाजूवरील रथही त्याच ऑलिंपियातील शर्यतींचा. म्हणजे एका बाजूला ऑलिंपियाचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऑलिंपियाचा विजय! ऑलिंपियात नदीत टाकलेला प्याला या झऱ्यात वर आला, अशीही आख्यायिका होती. भूगोलकार स्ट्राबो ती सांगतो आणि ती अशक्य असल्याचे लगेच बजावतो. स्ट्राबोचे भूगोलज्ञान निर्दोष आहे, परंतु सिराक्यूजच्या माणसाला भूगोल सांगायचाच नव्हता.

येथील कारागिरांनी एक असे धाडस केले जे इतरत्र क्वचित आढळते: त्यांनी नाण्यावर स्वतःची नावे कोरली. किमोन, युऐनेटोस, युक्लिडास ही नावे आज माहीत आहेत ती एवढ्याचमुळे. पाचव्या शतकाच्या अखेरीस किमोनने अरेथ्यूसाचा चेहरा समोरून घडवला. ठशात समोरून चेहरा कोरणे अवघड, कारण नाकाचा उंचवटा सर्वांत आधी झिजतो. त्या नाण्यावर तिचे केस पाण्यात सोडल्यासारखे सर्व दिशांना तरंगत आहेत, त्यांतून डॉल्फिन डोके वर काढत आहेत, वर कडेला तिचे नाव आहे, आणि कपाळावरच्या पट्टीवर, भिंग लावून पाहावे लागेल अशा बारीक अक्षरांत, किमोनचे नाव आहे. देवतेच्या कपाळावर कारागिराची सही! सुमारे ४३ ग्रॅम वजनाच्या दहा ड्राक्मांच्या नाण्यांवर या मंडळींनी रथाच्या खाली ढाल, चिलखत, शिरस्त्राण आणि ‘पारितोषिके’ या अर्थाचा शब्द कोरला. ४१३ साली अथेन्सची प्रचंड मोहीम सिराक्यूजपुढे धुळीस मिळाली आणि ७,००० हून अधिक कैदी तेथील दगडाच्या खाणींत कोंडले गेले. ही शस्त्रे त्या विजयाची खूण मानावीत असे पूर्वी बहुतेकांचे मत होते, आता अनेक अभ्यासक ही नाणी काही वर्षे नंतरची, जुलमी सत्ताधीश डायोनिसिओसच्या काळातील मानतात. तसे असले तरी विजयाची आठवण पुसली जात नाही. ती भाडोत्री सैन्याचे पगार देणाऱ्या सत्ताधीशाच्या कामी आली, एवढेच. विशेष म्हणजे कार्थेजने, म्हणजे सिराक्यूजच्या हाडवैऱ्याने, सिसिलीत स्वतःची नाणी पाडताना युऐनेटोसच्या तरुणीचे मुख जवळजवळ जसेच्या तसे उचलले.

इतर नगरांविषयी दोनचार वाक्ये पुरेत. कॉरिंथच्या नाण्यावर पंखांचा घोडा पेगॅसस आहे. बेलेरोफॉन या वीराने अथीनाने दिलेल्या सोन्याच्या लगामाने त्याला कॉरिंथच्या झऱ्याकाठी वश केले, म्हणून पुढील बाजूस पेगॅसस आणि मागील बाजूस शिरस्त्राणधारी अथीना. कॉरिंथच्या वसाहतींनीही हाच घोडा उचलला आणि नाण्यावर केवळ आपले आद्याक्षर बदलले. दक्षिण इटलीतील तारास नगरीने पोसायडनच्या पुत्राला डॉल्फिनवर बसवले. क्रीट बेटावरील नोसॉसने मिनोटॉर हा बैलाच्या मुखाचा राक्षस आणि त्याचा चक्रव्यूह कोरला, आणि ज्या राजवाड्यावरून ती कथा निघाली असावी तो जमिनीत गाडला जाऊन तेव्हाच कित्येक शतके लोटली होती. मात्र प्रत्येक चित्रात पुराण शोधण्याचा मोह आवरला पाहिजे. मेटापोंटमचे बार्लीचे कणीस हे प्रथम त्या प्रदेशाचे पीक आहे, आणि उत्तर आफ्रिकेतील सायरीनीच्या नाण्यावरची सिल्फियम ही औषधी वनस्पती तर निर्यातीचा माल आहे. पुराणकथा न सापडल्यास ती जुळवण्याची हौस नाणीसंग्राहकांत फार, आणि तिने अभ्यासाचे नुकसानच केले आहे.

अलेक्झांडरच्या नाण्यावर मात्र पुराणकथा निःसंशय आहे. पुढील बाजूस नेमियाच्या सिंहाचे कातडे डोक्यावर ओढलेला हेराक्लीस, मागील बाजूस सिंहासनावर बसलेला झ्यूस, हातात गरुड आणि राजदंड, बाजूला ‘अलेक्झांडरचे’ एवढाच लेख. मॅसेडोनियाचे राजघराणे स्वतःचा वंश अर्गोसमार्गे हेराक्लीसपर्यंत नेत असे, आणि हेराक्लीस झ्यूसचा पुत्र. म्हणजे नाण्याची एक बाजू पूर्वजाची आणि दुसरी पूर्वजाच्या पित्याची; उरलेला वंशज नावाने हजर. येथे जामीन बदलला, हे ध्यानात घ्यावे. अथीना अथेन्सची होती, अरेथ्यूसा सिराक्यूजची होती; हा झ्यूस कोणत्याही एका नगराचा नव्हता, तो एका घराण्याचा होता. शिवाय आशिया मायनरमधील टार्सस येथे बसलेल्या ‘बआल’ या देवाची नाणी आधीपासून चालत होती आणि त्या देवाची बैठक या झ्यूसशी मिळतीजुळती होती, त्यामुळे तेथील प्रजेला नव्या राजाच्या नाण्यात आपला जुना देव दिसू शकत होता. हा योगायोग नव्हे असे मानण्यास जागा आहे. अथेन्सच्याच वजनमापाने, अनेक टाकसाळींतून, इराणी खजिन्यांतील चांदी वितळवून हे नाणे इतके निघाले की अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षे काही नगरे त्याच्या नावाचे नाणे पाडतच राहिली.

हेराक्लीसचा तो चेहरा अलेक्झांडरचाच आहे काय, हा वाद जुना आहे. आरंभी तो हेराक्लीसचाच होता असे दिसते. पण पाहणाऱ्यांनी हळूहळू त्यात राजा पाहिला, आणि ते राजाला नको होते असे मानण्याचे कारण नाही. त्याच्या सेनापतींनी उरलेले अंतर ओलांडले. इजिप्तमध्ये टॉलेमीने दिवंगत अलेक्झांडरच्या डोक्यावर हत्तीचे कातडे घातले, लिसिमाकसने त्याला आमोन देवाची मेंढ्याची शिंगे लावली, आणि नंतर टॉलेमीने स्वतःचाच चेहरा पुढील बाजूस आणला. सिंहाच्या जागी हत्ती आला, कारण भारताच्या मोहिमेचा दरारा त्या प्राण्यात साठवला होता. चंद्रगुप्त मौर्याकडून ५०० हत्ती मिळवणाऱ्या सेल्युकसने आपल्या नाण्यांवर अथीनाला हत्तींच्या रथात बसवले. दैवत मागील बाजूला सरकले, पुढील बाजूवर माणूस आला, आणि तेव्हापासून जगभरच्या नाण्यांवर तो बसला आहे.

बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, राज्य करणाऱ्या ग्रीक राजांपुढे निराळीच अडचण होती: त्यांच्या प्रजेला हेराक्लीस ठाऊक असेलच असे नव्हते. अगाथोक्लीस या राजाने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्यावर जो उपाय केला तो १९७० साली याच प्रदेशातील आय खानूम येथील उत्खननात हाती आला. तेथे सापडलेली त्याची सहा चांदीची नाणी भारतीय पद्धतीची, चौकोनी आहेत. एका बाजूस ग्रीक लेखासह नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण, म्हणजे बलराम. दुसऱ्या बाजूस ब्राह्मी लेखासह शंख आणि चक्र घेतलेला वासुदेव. दोघांच्याही डोक्यावर छत्र आहे, पण ते अशा तऱ्हेने कोरले आहे की ते शिरस्त्राणाचा तुरा वाटावे. वासुदेव-कृष्णाच्या निश्चितपणे ओळखू येणाऱ्या सर्वांत जुन्या प्रतिमांत या नाण्यांची गणना होते, आणि त्या एका ग्रीक राजाच्या टाकसाळीत घडल्या आहेत. राजाने कृष्णभक्ती स्वीकारली होती काय? तसे मानण्याची गरज नाही. ज्या मुलखात नाणे चालवायचे त्या मुलखाला पटेल असा जामीन त्याने शोधला.

मिनँडर या दुसऱ्या ग्रीक राजाचे उदाहरण याच्या उलट आहे. पाली ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन भिक्षूशी संवाद करणारा मिलिंद राजा म्हणून तो बौद्ध परंपरेत अमर झाला, परंतु त्याच्या चांदीच्या नाण्यांवर वज्र फेकणारी अथीनाच आहे, ढाल पुढे धरलेली, मॅसेडोनियाच्या जुन्या धर्तीची. फक्त एका बाजूला ग्रीक लेख आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनद्रस’, म्हणजे ‘त्राता महाराज मिनँडरचे’. अशा द्वैभाषिक नाण्यांच्या आधारेच १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप आणि इतर अभ्यासकांना खरोष्ठी लिपी उलगडता आली.

ही नाणी किती दूर चालली? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भरुच बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने ड्राक्मा अजून चालत असल्याची नोंद आहे, म्हणजे त्या राजांना जाऊन दोन शतके होत आली तरी. त्याच पश्चिम भारतात क्षहरात क्षत्रप नहपानाने आपली चांदीची नाणी त्याच लहान ड्राक्माच्या धर्तीवर पाडली: पुढे राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरांत लिहिलेला प्राकृत मजकूर, मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी लेख. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे या नाण्यांचा १३,००० हून अधिक नगांचा साठा सापडला, आणि त्यांतील सुमारे ९,००० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला ठसा पुन्हा मारलेला होता: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि आपले नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनचे चिन्ह. पराभूत राजाची चांदी वितळवण्याचीही तसदी त्याने घेतली नाही. चांदी तीच, वजन तेच, जामीन नवा. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुने नाक, जुनी हनुवटी आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावतात, आणि म्हणूनच नहपानानंतर गौतमीपुत्र हा क्रम इतिहासकारांना निर्विवाद सांगता आला.

हे सांगता आले, कारण तो साठा बहुतांशी एकत्र राहिला आणि अभ्यासकांच्या हाती पोहोचला. उलट उदाहरणही आहे. १९८४ साली नैऋत्य तुर्कस्तानात एल्माली येथे सुमारे १,९०० ग्रीक नाण्यांचा साठा निघाला, त्यात अथेन्सची अत्यंत दुर्मीळ अशी दहा ड्राक्मांची नाणी डझनाहून अधिक होती; तो चोरट्या मार्गाने देशाबाहेर गेला, विकला गेला आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९९९ साली मोठा भाग परत आला. ती नाणी कशा भांड्यात, कोणत्या थरात, कशासोबत होती, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

तेव्हा, श्रोतेहो, एक विनंती करून हे व्याख्यान थांबवणे योग्य ठरेल. महाराष्ट्रात विहीर खणताना, नांगरताना, जुन्या वाड्याचा पाया काढताना आजही नाणी निघतात आणि त्यांतील बरीच सोनाराच्या मुशीत जातात. जमिनीत सापडलेल्या निधीविषयीचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे आणि सापडवणाऱ्याच्या मोबदल्याची तरतूदही त्यात आहे. नाणी आढळल्यास ती घासू नयेत, चिंचेने वा राखेने उजळवू नयेत, वाटून घेऊ नयेत. भांड्यासकट, मातीसकट, आहेत तशी कळवावीत. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे. ज्यांना या विषयाची गोडी लागली असेल त्यांनी तेथे जाऊन नाणी प्रत्यक्ष पाहावीत, आणि जाताना खिशात एक भिंग ठेवावे.